कारवीच्या वर्षाची हजेरी

कारवी फुलली की डोंगर जांभळा होतो, असं सगळे सांगतात. पौडमध्ये मी तीस वर्षं काढली आहेत, तेव्हा मला विचाराल तर पहिले आठ-दहा दिवस तो जांभळा वगैरे काही होत नाही, नुसता मळकट दिसतो. हिरव्या लुगड्यावर शाई सांडावी आणि कुणी ती ओल्या फडक्यानं पुसायला जावं, तसा. ज्याला ठाऊक नसतं त्याचं तिकडे लक्षही जात नाही. मग एखाद्या सकाळी ऊन पडतं, डोंगराची अख्खी उतरती सोंड जांभळी झालेली दिसते आणि लगेच पुण्याहून गाड्या सुरू होतात. हे सगळं सात वर्षांतून एकदा. मधली वर्षं ही झुडपं नुसती उभी असतात, माणसाहून उंच, खरखरीत पानांची. त्यांच्या काठ्या शेणामातीनं लिंपून घराचा कूड होतो, चुलीला जळण होतं. बाकी त्यांची चौकशी कुणी करत नाही.

यंदा ती मळकट छटा मला गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसली. गणपती नुकतेच गेले होते. हातातला ओला टॉवेल मी तसाच दोरीवर टाकला, खाली आले आणि दार लावून घेतलं. नको असलेला पाहुणा लांबून येताना दिसावा आणि आपण घरात नाही असं दाखवावं, तशी मी त्या डोंगराशी वागले. बासष्ट वर्षांची बाई डोंगरापासून लपते हे लिहितानाही लाज वाटते, पण झालं ते झालं.

लपण्याचं कारण नलू.

नलू म्हणजे नलिनी, आमच्या शाळेतली भूमितीची शिक्षिका. मी मराठी शिकवायचे. पौडच्या एस.टी. स्टँडमागे एका शेतकऱ्यानं मास्तर लोकांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत आम्ही बावीस वर्षं राहिलो. तिचा नवरा फार लवकर गेला, मुलगा नागपूरला मावशीकडे शिकला. माझं लग्न झालंच नाही, आणि त्याची खंत करायला नलूनं मला वेळही दिला नाही. मधल्या भिंतीवर दोनदा टकटक झाली की समजायचं, चहा टाकलाय. तीनदा झाली की भाजी खारट झाली आहे, ये आणि संपवायला मदत कर.

मी वर्गात पस्तीस मिनिटं अखंड बोलत असे. पोरं म्हणायची, कुंदाबाईंचा तास म्हणजे रेडिओ. पण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की माझा आवाज घशातच राहायचा. कंडक्टर, दुकानदार, घरमालक, बँकेतला साहेब, कुणीही समोर आलं की मी पर्स चाचपायला लागायचे. नलूनं हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि ते खातं आपल्याकडे घेऊन टाकलं. बसमध्ये ती म्हणायची, "दोन स्वारगेट." हॉटेलात म्हणायची, "दोन मिसळ, एकीत तर्री कमी." एकीत तर्री कमी ती माझी. बावीस वर्षं मी स्वतःच्या तोंडानं तिकीट मागितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे पार गेले. मुलगा टेम्पो घेऊन आला, नागपूरला घेऊन गेला. टेम्पोत जागा उरली नाही म्हणून तिची एक लाकडी खुर्ची माझ्याकडे राहिली. त्यानंतरच्या रविवारी मी एकटी पुण्याला निघाले. कंडक्टरनं विचारलं तशी मी म्हटलं, "दोन स्वारगेट." त्यानं दोन तिकिटं दिली. चुकलं, एकच द्या, एवढं म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं. दोन तिकिटं मुठीत घेऊन बसून राहिले. शेजारच्या बाईला त्यातलं एक देता आलं असतं, हे चांदणी चौक आल्यावर सुचलं.

आता तिच्या खोलीत हिंजवडीला कामाला जाणारी तीन पोरं राहतात. एक नांदेडकडचा, दोन बिहारचे. चांगली आहेत बिचारी, जाता-येता "नमस्ते आंटी" म्हणतात. मध्ये एकदा त्यांच्यातल्या कुणीतरी कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकला. ठक, ठक. मी पोळी तव्यावर टाकून उठले, दार उघडून बाहेर आले आणि त्यांच्या उंबऱ्याशी उभी राहिले. "क्या हुआ आंटी?" काही नाही म्हटलं. परत आले तर पोळी जळली होती.

नलूचा फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, मग सणावाराला. भांडण झालं नाही, की कुणी रागावलं नाही. तिच्याकडे नातवाची शाळा आणि सुनेची ड्यूटी, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. दोन माणसं रोज एकत्र जेवत असली की "आज काय केलं होतंस" हा प्रश्न पडत नाही, आणि फोनवर तेवढाच एक प्रश्न उरतो.

यंदा गणपती गेल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "कुंदा, कारवी आली का गं?"

मी म्हटलं, "नाही. यंदा काही लक्षण दिसत नाही."

"वर्ष तर हेच ना?"

"असेल पुढेमागे. पाऊस कमी-जास्त झाला की चुकतंही."

धडधडीत खोटं. समोरच्या खिडकीतून ती सोंड दिसत होती. नलू "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. खोटं बोलल्यावर मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचंच रात्रीपर्यंत वाईट वाटत राहिलं.

मागच्या कारवीला आम्ही दोघी माथ्यावर गेलो होतो. माथा म्हणजे माले गावाच्या पलीकडचा, धरणाच्या अंगावर झुकलेला उंच डोंगर. त्याला नकाशात दुसरं नाव असेल, गावात माथाच म्हणतात. मी पंचावन्नची, नलू सत्तावन्नची. चष्म्यावर धुकं साचलं की ती तो पदराला पुसायची, आणि पदरच ओला असल्यानं चष्मा आणखी बिघडायचा. मग माझा हात धरून चालायची आणि वर मलाच सांगायची, "जपून गं, इथे दगड आहे." वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवी डोक्याच्या वर गेलेली, फुलंच फुलं. मधमाश्यांचा आवाज एवढा की पाण्याची मोटार लांब कुठेतरी चालू राहिली आहे असं वाटावं. बाजूनं गेलं की चिकट कळ्या साडीला लागायच्या. ती साडी तीनदा धुतली तरी तो वास गेला नाही.

वर पोचल्यावर नलूनं बोटांवर हिशेब केला. "पुढच्या कारवीला मी चौसष्ट. म्हणजे फार नाही."

"चौसष्टाव्या वर्षी कोण डोंगर चढतं?"

"आपण," ती म्हणाली. मग आम्हाला वर घेऊन येणाऱ्या नामदेवला तिनं हाक मारली, "नामदेव, पुढच्या कारवीला आमच्या दोघींची नावं आत्ताच लिहून ठेव रे."

हा नामदेव माझा विद्यार्थी. आता चाळिशीला आला आहे. माथ्याखालच्या वाडीत राहतो, थोडी भातखाचरं आहेत, आणि शनिवार-रविवार लोकांना डोंगर दाखवायचं काम करतो. बायको सुनंदा बरोबर असते. ती पुढे चालते, तो सगळ्यांच्या मागे. मी एकदा विचारलं होतं, वाट दाखवणारा मागे कसा? तो म्हणाला, "वाट काय कुनालाबी दिसती बाई. मागं पडलेला मानूस कुनाला दिसत न्हाई."

दोन आठवड्यांपूर्वी पौडच्या बाजारात तो मला भेटला. मी वांगी निवडत होते.

"बाई, माथ्यावर लई फुललीया. येत्या शनवारी जातुया. तुमचं नाव लिवलंय मी."

"अरे, आता कुठे. वय झालं माझं."

"वय डोंगराचंबी झालंय. तुमीच म्हनला हुता, फुडच्या कारवीला. नलूबाईंचंबी लिवणार हुतो, पर त्या न्हाईत न्हवं हितं."

मी काही बोलले नाही. त्यानं ते हो समजलं. आणि खरं सांगायचं तर नाव लिहिलंय म्हटल्यावर गैरहजर राहायचं हे माझ्या हाडात नाही. तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई मी.

शनिवारी सकाळी टेम्पोतून उतरलो तेव्हा आम्ही तेवीस जण होतो. बहुतेक सगळे हिंजवडीच्या कंपन्यांतले, रंगीबेरंगी पावसाळी कोट घातलेले. चार वाक्यांत तीन भाषा बोलत होते. सुनंदा प्लास्टिकच्या चपलांत होती. नामदेवनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकाला नंबर दिला. पहिली सुनंदा, तेविसावा तो स्वतः. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुमी नऊ." मी मान हलवली. माझ्या पुढे आठ नंबरची तन्वी नावाची मुलगी होती. तिनं लगेच, "काकू, तुमची सॅक देता का?" विचारलं. मी नको म्हटलं आणि अर्ध्या तासात पस्तावले.

हे नंबरांचं प्रकरण सांगायला हवं. प्रत्येक थांब्यावर पुढून मागे मोजणी होते. ज्यानं त्यानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा. डोकी मोजायची नाहीत. एकदा धुक्यात डोकी मोजली तेव्हा दुसऱ्याच टोळीतलं एक डोकं मोजलं गेलं आणि आपला माणूस तासभर झाडाखाली रडत बसला होता, असं नामदेव सांगतो. तेव्हापासून आकडा तोंडानं म्हणायचा. आणि आकडा तुटला, म्हणजे मध्ये कुणी बोललंच नाही, तर सर्वांत मागच्या माणसानं विचारत बसायचं नाही. तडक मागे फिरायचं आणि वाट धुंडाळायची. धुक्यात पाच मिनिटं गेली तरी माणूस लांब जातो.

पहिल्या दोन थांब्यांना ऊन होतं, रांग जवळजवळ होती. सुनंदा स्वतःच मागे येऊन "हाय, हाय, समदी हायेत" म्हणाली आणि पुढे चालू पडली. तिसरा थांबा खिंडीत. तिथपर्यंतची चढण छातीवर येणारी आहे, आणि खिंडीच्या अलीकडे धुकं असं उतरलं की तन्वीची लाल सॅक तेवढी मला दिसत होती. मी गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून दम घेत होते. पुढून मोजणी सुरू झाली. एक. दोन. तीन. धुक्यातून येणारे आवाज ओळखीचे नव्हते, तरी ऐकायला बरं वाटत होतं. सात. आठ.

मग काही आलं नाही.

मी वाट बघत होते. हे आता लिहिताना वेडेपणाचं वाटतं, पण मी अगदी निश्चिंत उभी राहून वाट बघत होते. डोंगरावर मला दम लागतो आणि मोजणीच्या वेळी बोलवत नाही, म्हणून नलू दोघींचे आकडे एका दमात म्हणून टाकायची. मागच्या कारवीला आम्ही पंधरा आणि सोळा होतो. "पंधरा-सोळा!" असं ती पहाडी आवाजात म्हणायची आणि पुढचा सतरावाला दचकायचा. बावीस वर्षांत कितीतरी डोंगर झाले, पण एकदाही मी माझा आकडा लक्षात ठेवला नव्हता. त्या खिंडीत खाली मान घालून मी तोच आवाज यायची वाट बघत होते.

"नऊ?" मागून नामदेवचा आवाज आला. "नऊ कोन हाय?"

मला वाटलं, कोण बावळट मागे राहिलं आता?

पुन्हा एकदा "नऊ?" आणि मग त्याच्या पायांचा आवाज उतरणीवर गेला. त्याच्या नियमाप्रमाणे तो फिरला होता.

सुनंदा वरून धावत खाली आली. खांद्याला हात लावत लावत तिनं रांग मोजली. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मानसं तर पुरती हायेत. मंग नऊ कोन?" तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. माझ्यापाशी आली. "बाई, तुमचा कितीवा?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

आणि तेव्हा मला आठवलं. बाई, तुमी नऊ.

सुनंदानं तोंडाशी हात धरून लांब कुकारा दिला. खालून उत्तर आलं नाही. धुकं आवाज गिळतं. आम्ही चढून आलो त्या वाटेला एका बाजूनं कडा आहे, आणि कारवी अगदी कड्याच्या ओठापर्यंत दाट उभी आहे. फुलं दिसतात, पानं दिसतात, जमीन कुठे संपते ते दिसत नाही. सकाळी त्या ठिकाणी सुनंदानं सगळ्यांना बजावलं होतं, "कारवीत घुसू नगा. हितं पाय गेल्यावरच कळतं." आणि आता तिचा नवरा मला शोधायला त्याच कारवीत घुसला असणार. मी इथे उभी, धडधाकट, फक्त तोंड न उघडलेली. सुनंदा पुन्हा पुन्हा कुकारा देत होती. तन्वीनं माझा हात धरला तो मला सोसवेना. मला तिचाही राग आला, धुक्याचाही आला, आणि खरं म्हणजे नलूचा आला. मी मनात तिला म्हटलं, बघ तुझ्यामुळे काय झालं. मग त्या म्हणण्याचीच इतकी लाज वाटली की मी वाटेच्या कडेला जाऊन एकटी उभी राहिले.

वीसेक मिनिटांनी नामदेव वर आला. दोन्ही गुडघे चिखलानं माखलेले, एका कोपराला खरचटलेलं, केसांत जांभळ्या पाकळ्या. सुनंदानं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"तुमीच नऊ न्हवं, बाई?"

"हो रे."

"हितंच हुता?"

"इथेच होते."

तो खरोखर रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं डोक्यातली पाकळी काढली आणि म्हणाला, "आटवीला असताना शिवाच्या नावाला म्या हजर म्हनलं तवा तुमी मला व्हरांड्यात हुबं केलं हुतं. आन् आज तुमी सोताच्या नावाला हजर म्हनला न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाला, "माझंबी चुकलंच. दोगींचं नलूबाई म्हनायच्या, ते ध्यानात ऱ्हायलं न्हाई." आणि चला म्हणाला.

शिवा म्हणजे त्याचा चुलतभाऊ. म्हशी घेऊन माथ्यावर जायचा आणि आठवड्यातले तीन दिवस शाळेला यायचा नाही. मी हजेरी घेताना त्याचं नाव आलं की नामदेव बाकाखाली तोंड घालून वेगळ्या आवाजात "हजर बाई" म्हणायचा. एकदा पकडला गेला. मधल्या सुट्टीपर्यंत मी त्याला व्हरांड्यात उभं केलं आणि वर्गाला खरेपणावर भाषण दिलं. तो रडला नाही, पूर्ण वेळ डोंगराकडे बघत उभा होता. दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, असं मी तीस वर्षं मुलांना शिकवलं. तेव्हाही, भूमितीचा तास संपवून त्याच व्हरांड्यातून येणारी नलू माझ्यासाठी सगळीकडे हजर म्हणतच होती. त्याला मी खोटं म्हटलं नाही, मैत्री म्हटलं. नामदेवचंही तेच होतं, हे मला कळायला त्याचं कोपर सोलवटावं लागलं.

संध्याकाळी माथ्यावर तंबू पडले. वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, मोठा आहे, एका टोकाला देवीचं उघडं ठाणं, जवळ पाण्याचं टाकं. सुनंदानं तीन दगडांवर पिठलं शिजवलं, भाकऱ्या खालून बांधून आणल्या होत्या. मी नामदेवच्या कोपराला हळद लावायला गेले तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बाई, रोजचंच हाय." कंपनीतल्या पोरांनी गाणी म्हटली. मला वाटेकरी कुणी नव्हतं म्हणून दोघांचा तंबू मला एकटीला मिळाला. तन्वी म्हणाली, "काकू, लकी आहात, आम्ही तिघी एकात." मी हो म्हटलं. आत जाऊन सवयीनं एका कडेला अंथरूण घातलं आणि मग अर्धा तंबू मोकळा बघत बसले.

सुनंदा सांगत होती, फुलं सरली की ही सगळी कारवी एकदम वाळून जाते. बी पडतं, जुनी झाडं मरतात आणि पुढच्या पावसात नवी रोपं एकदम उगवतात. सगळी एका वयाची, एकत्र वाढतात, एकत्र फुलतात, एकत्रच जातात. इतकी वर्षं मी हे ऐकत आले होते. त्या संध्याकाळी मात्र मला कारवीचा हेवा वाटला. तिच्यात मागे कुणी राहत नाही. मला तेव्हा फार एकटं वाटलं. आजवर मी हा शब्द कधी वापरला नव्हता, कारण आपण एकटे राहतो आणि आपल्याला एकटं वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मी लोकांना ऐटीत सांगत असे.

सकाळी धुकं पूर्ण गेलं होतं. खाली धरणाचं पाणी, आणि पाण्यापर्यंत उतरत गेलेला जांभळा रंग. मळकट अजिबात नाही. देवीच्या ठाण्याजवळच्या कातळावर तेवढी रेंज येते, तिथे चार पोरं आधीच हात वर करून उभी होती. त्यांच्या बाजूला उभी राहून मी नलूला फोन लावला. साडेसहा झाले होते, ती पाचलाच उठते.

"कुंदा? इतक्या सकाळी? बरी आहेस ना?"

"माथ्यावर आहे मी."

फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

"फुललीय, नलू. तू फोन केलास तेव्हाच फुलायला लागली होती. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"माहीत आहे."

"कसं?"

"सुनेच्या मोबाइलवर ताम्हिणी घाटातल्या कारवीचे फोटो आले होते. ते बघूनच तर फोन केला तुला."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" नलू म्हणाली. "तू नाही म्हणालीस. मला वाटलं, हिला आता माझ्याशिवाय जायचं असेल. गुडघे गेलेल्या बाईला कशाला सांगायचं."

मी त्या कातळावर खालीच बसले. "नलू, मला तुझ्याशिवाय जायचंच नव्हतं. म्हणून खोटं बोलले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "वेडी आहेस," ती म्हणाली. "कसा झाला चढ?"

मी तिला सगळं सांगितलं. खिंड, आकडा, नामदेवचं कोपर. आधी ती खूप हसली, मग हसता हसता थांबली.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "तुला सवय लावायला नको होती."

"मला आवडायचं ते."

"मलाही."

एवढ्यात नामदेवनं उतरायची हाळी दिली. तंबू गुंडाळून झाले होते. सगळे त्या कातळापाशीच रांगेत उभे राहिले. नामदेव माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, आज ध्यानात हाय न्हवं?" कोपरावरचं खरचटलेलं काळं पडलं होतं.

"मोजणी आहे," मी फोनवर सांगितलं. "ठेवते."

"ठेवू नकोस," नलू म्हणाली. "मला ऐकायचंय."

मी फोन छातीशी धरला. एक, सुनंदा. दोन. तीन. मोकळ्या हवेत आवाज खणखणीत येत होते. सात. आठ, तन्वी म्हणाली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली.

"नऊ," मी म्हटलं.

जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं गेलं. टाक्यावरचे दोन पक्षी उडाले. रांगेच्या शेवटी नामदेवनं मान डोलावली. दहा. अकरा. मी फोन कानाला लावला. पलीकडे नागपूरच्या घरात नलू रांगेच्या बरोबरीनं हळू आवाजात मोजत होती. बारा, तेरा, चौदा. मग तिनं पंधरा-सोळा एका दमात म्हटलं आणि ती थांबली. सतरा रांगेतला कुणीतरी म्हणाला.